तडकलेलं स्टेअरिंग: भरण्याआधी ते का तडकलं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोहोळजवळच्या गावात वडिलांचा १९७० च्या दशकातला महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर आहे. अजून चालतो, पण आता फक्त घरची किरकोळ कामं करतो. स्टेअरिंगवरचं काळं आवरण ठिकठिकाणी तडकलंय, दोन जागी तुकडे पडून आतली गंजलेली सळई दिसते. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही हाताने मळायची एपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणारा माल, भरलीत, पण थंडीत तिच्या अगदी कडेने पुन्हा चिरा गेल्या. डाव्या बाजूला वडिलांचा हात असायचा तिथे आवरण झिजून खोलगट झालंय. आता नवं स्टेअरिंग घ्यावं की हेच दुरुस्त होईल, आणि करायचं तर काय भरायचं?

हेच दुरुस्त होईल. नवं घेण्याची वेळ कधी येते तेही पुढे सांगतो, कारण काही स्टेअरिंगांना हात लावणं धोक्याचं असतं. सोलापुरात अक्कलकोट रोडला जुने ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचं आणि रंगवण्याचं काम मी २८ वर्षं करतोय. माझ्याकडे येणारी बहुतेक स्टेअरिंगं आधी कुणीतरी भरलेलीच असतात. भरलेला माल सहसा चांगला असतो. चीर कशामुळे गेली हे न बघता भरलेली असते, म्हणून ती पुन्हा उघडते. तेव्हा काय भरायचं हे नंतर, आधी ते का तडकलं ते बघू.

स्टेअरिंगच्या पोटात लोखंडी सळईची रिंग असते, तिला दांड्या आणि मध्ये शाफ्टवर बसणारा हब. या रिंगवर कारखान्यात साच्यात घालून आवरण चढवतात. जुन्या यंत्रांवर ते कडक रबराचं म्हणजे एबोनाइटचं किंवा बेकलाइटचं असतं, नंतरच्यांवर प्लॅस्टिकचं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. लोहार धाव लाल तापवतो, फुगलेली असतानाच चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. गार होताना ती आकसते आणि चाकाला आवळून धरते. स्टेअरिंगवर हेच घडतं, फक्त इथे आवळणारी वस्तू लोखंड नसून आवरण असते. लोखंडाची धाव तो ताण सोसते. पन्नास वर्षं ऊन खाल्लेलं कडक रबर सोसत नाही, ते तुटतं.

आकड्यात सांगतो, म्हणजे पटेल. १७ इंची स्टेअरिंग धरा, घेर साधारण १३५ सेंटिमीटर. आपल्याकडे मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरचं काळं स्टेअरिंग दुपारी ६५ अंशांच्या आसपास जातं, हात ठेवता येत नाही. पौषातल्या पहाटे तेच स्टेअरिंग १५ अंशांवर असतं. फरक ५० अंशांचा. एवढ्या फरकात लोखंडी रिंग घेराने जेमतेम ०.८ मिलिमीटर आकसते. कडक रबर किंवा प्लॅस्टिक मोकळं असतं तर पाच मिलिमीटरच्या जवळपास आकसलं असतं. मधले चार मिलिमीटर कुठून आणायचे? आवरण ते ताणून आणतं, आणि ताणणं संपलं की तडकतं. ताण रिंगच्या लांबीने असल्यामुळे चिरा कायम आडव्या पडतात, बांगडी तडकावी तशा. पहिली चीर बहुधा दांडीच्या मुळाशी पडते, कारण तिथे आवरण सळईवरून सरकू शकत नाही.

यात वयाने येणारं आकसणं वेगळं. प्लॅस्टिकला लवचीक ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जातं. एबोनाइटची गोष्ट आणखी निराळी. मऊ रबरात शंभराला दोन-तीन भाग गंधक असतं, एबोनाइटमध्ये तीसच्या वर. ऊन आणि दमट हवा मिळून त्या गंधकाचं पृष्ठभागावर किंचित आम्ल बनवतात. काळं एबोनाइट मातकट, हिरवट दिसायला लागतं ते त्यामुळेच. तेच आम्ल पावसाच्या पाण्याबरोबर चिरेत उतरलं की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आवरणाला आतून उचलतो. तुमचे दोन तुकडे पडले ते बहुतेक असेच.

आता तुमची भरलेली चीर पुन्हा का उघडली ते पाहा. उन्हाळ्यात आवरण फुगलेलं असतं, चिरा मिटलेल्या असतात. तुम्ही त्या मिटलेल्या फटीत एपॉक्सी भरलीत. ती घट्ट झाली, छान दिसली. थंडी आली, आवरण आकसायला लागलं, आणि जुनी फट जिथे उघडणार तिथे आता एपॉक्सी. मग तिच्या कडेला जे कमजोर होतं ते तुटलं.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून हेच झालं. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचं स्टेअरिंग मी मे महिन्यात भरलं, घासलं, रंगवलं, आरशासारखं करून दिलं. जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला आला तेव्हा तो ते पिशवीत घालून घेऊन आला. प्रत्येक भरलेल्या जागेच्या दोन्ही कडांना केसासारखी रेघ. मी पैसे परत केले आणि ते स्टेअरिंग ठेवून घेतलं. वर्कशॉपच्या भिंतीवर टांगून वर्षभर त्याच्या चिरा फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजत राहिलो. एका बाजूची दांडीजवळची चीर मेच्या दुपारी गेजचं सर्वांत पातळ पातंही घेत नव्हती, पौषातल्या सकाळी तीच चीर अर्धा मिलिमीटर उघडी असायची. तेव्हापासून मी उन्हाळ्यात चिरा भरत नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

म्हणून पहिला सल्ला महिन्याचा. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येपासून संक्रांतीपर्यंतचे आपल्याकडचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. चिरा पुरत्या उघडलेल्या असतात, हवा कोरडी असते, आणि दिवसा एपॉक्सीला लागणारी ऊबही मिळते. थंडीत भरलेली चीर उन्हाळ्यात दाबली जाते, ताणली जात नाही, आणि दाब हे सगळे पदार्थ सुखाने सोसतात. ज्यांचा ट्रॅक्टर त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या ओढत असतो त्यांना मी सांगतो की बाजारातलं एक साधं स्टेअरिंग तात्पुरतं बसवा, जुनं माझ्याकडे राहू द्या. तुमचा ट्रॅक्टर घरच्याच कामाचा आहे, तुम्हाला ही अडचण नाही.

काम सुरू करायच्या आधी एक तपासणी मात्र डोळ्यांत तेल घालून करा. आवरण गेलं तर हात खरचटतो, हब किंवा दांडी गेली तर माणूस जातो. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, वर-खाली जोरात हलवा. दांडी हबला किंवा रिंगला जिथे जोडली आहे तिथे हालचाल दिसली, करकर आली, जोडावर गंजाची बारीक तांबडी रेघ दिसली, तर आवरण खरवडून आतला जोड उघडा करा. तडा असेल तर ते स्टेअरिंग संपलं. हबच्या आतल्या खाचा झिजून शाफ्टवर ढिल्या बसत असतील तरी संपलं. हबला वेल्डिंग मारून आणलेली स्टेअरिंगं मी पाहिली आहेत. तसलं स्टेअरिंग मी दारातूनच परत पाठवतो. अशा वेळी नवंच घ्या. घेताना जुनं सोबत न्या आणि हबच्या खाचा, भोकाचा व्यास आणि उतार जुळवून घ्या. वरून सारखी दिसणारी दोन स्टेअरिंगं आतून वेगळी निघतात.

स्टेअरिंग काढताना लोक सर्वांत जास्त नुकसान करतात. पुढची चाकं सरळ करा, बॅटरीची तार सोडा, मधली टोपी उचकटून काढा. शाफ्ट आणि हब यांवर पंचाने समोरासमोर खूण करा, म्हणजे परत बसवताना दांड्या जिथल्या तिथे येतील. नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी बॉक्स पान्याने नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. पन्नास वर्षं चिकटलेला हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा सुटतो, आणि वर तुमचा चेहरा असतो. पुलर, म्हणजे हब ओढून काढायचं अवजार, हबलाच लावा, रिंगला किंवा दांड्यांना नाही. शाफ्टच्या डोक्यावर हातोडा मारू नका. आटे तर जातातच, शिवाय तो मार थेट खालच्या स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला बसतो. पुलर ताणून ठेवा, हबच्या बाजूला लहान हातोडीने टिचक्या मारा, नाही सुटलं तर ताणलेलं तसंच दुपारपर्यंत ठेवा. बहुतेक वेळा चहा पिऊन येईपर्यंत सुटलेलं असतं.

आता आवरण कशाचं आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, पॉलिश पेपरने जोरात घासून लगेच वास घ्या. गंधकाचा, फटाक्यांसारखा वास आला तर एबोनाइट. फिनेलसारखा, दवाखान्यासारखा वास आला तर बेकलाइट. काहीच वास नसेल तर सुई लाल करून टेकवा. सुई आत गेली आणि कडेने वितळलं तर प्लॅस्टिक. एबोनाइट आणि बेकलाइट वितळत नाहीत. वास घेण्यापलीकडे कोरडं घासू नका. जुन्या बेकलाइटच्या काही मालात ॲस्बेस्टॉसची पूड भरण म्हणून असायची, ती छातीत जाता कामा नये. माझा नियम असा की आवरण कुठलंही असो, घासकाम पाण्याने ओलं करून, तोंडाला मास्क लावून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, हेही तितकंच खरं कारण. चीर कोरणं, चर मोठा करणं एवढं कोरडं करावंच लागतं. तेव्हा मास्क हवाच, काम उघड्यावर करा, आणि पडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

मग धुणं. भांडी घासायची पावडर, गरम पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश. पन्नास वर्षांचा घाम, ग्रीस आणि डिझेल त्यात मुरलेलं असतं. धुतल्यावर दोन दिवस सावलीत वाळवा, मग स्पिरिटने पुसा. प्लॅस्टिकच्या आवरणावर थिनर वापरू नका. काही प्लॅस्टिकं त्याने वरून विरघळतात, चिकट होतात, आणि पुढे काहीच नीट धरत नाही. कधी चकाकी आणायचं पॉलिश फासलं असेल तर त्यातलं सिलिकॉन रंगाचा शत्रू आहे. दोन-तीनदा धुवा आणि प्रत्येक वेळी फडकं बदला. आधीची भरलेली एपॉक्सी सगळी काढून टाका, घट्ट वाटली तरी. तिच्या कडेची फट तुम्हाला दिसत नाही, पण असते.

यानंतर स्टेअरिंग मांडीवर घ्या आणि बोटाच्या पेराने टकटक वाजवत सगळा घेर फिरा. चांगल्या जागी भरीव आवाज येतो, जिथे आवरण सळईपासून सुटलंय तिथे पोकळ, कलिंगड वाजवल्यासारखा. पोकळ जागा खडूने आखून ठेवा. त्या वरून चांगल्या दिसतात, म्हणून सगळे सोडून देतात, आणि पुढच्या वर्षीची चीर नेमकी तिथेच जाते. अशा पोकळीच्या दोन टोकांना मागच्या बाजूने दोन मिलिमीटरची भोकं पाडा. पातळ एपॉक्सी इंजेक्शनच्या सिरिंजने खालच्या भोकातून हळूहळू ढकला. वरच्या भोकातून थेंब आला की पोकळी भरली. एपॉक्सीच्या दोन भागांपैकी रेझिनची बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवली तर ते पातळ होतं आणि आत सहज जातं.

चिरा आता मोठ्या करायच्या. मन धजावत नाही, पण केसाएवढ्या फटीत काहीही भरलं तरी ते आत जात नाही, वर टोपीसारखं बसतं. तिकोनी कानशीने किंवा हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून केलेल्या आकड्याने चीर थेट सळईपर्यंत उघडा. तोंडाला सहा-सात मिलिमीटर रुंदी ठेवा आणि तळाशी, सळईलगत, दोन्हीकडे थोडं आतून कोरा. सुतार लाकडाच्या सांध्याला आतून पसरट खाच देतो तसं, म्हणजे भरलेला माल ओढला तरी निघत नाही. चीर अर्ध्यात थांबली असेल तर तिच्या टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती भरल्यावरही पुढे चालत राहते. हातमशीन वापरायचं असेल तर गती कमी ठेवा. प्लॅस्टिक गरम होऊन चिकट झालं की ती कड पुन्हा कापावी लागते.

सळईवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि कानशीने पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढा. बाजारात गंज काढायचं आम्ल मिळतं, ते उघड्या पत्र्यावर ठीक आहे, चिरेत मी वापरत नाही. ते कोपऱ्यात साठून राहतं, पाण्याने पूर्ण निघत नाही, आणि एपॉक्सी त्यावर धरत नाही. लोखंड स्वच्छ झालं की त्याच दिवशी भरा. रात्रभर उघडं ठेवलं तर पहाटेच्या दवाने पुन्हा तांबूस होतं.

आता तुम्ही विचारलं होतं ते, काय भरायचं. मी दोन भागांची, सावकाश घट्ट होणारी एपॉक्सी वापरतो, ॲराल्डाइटचा २४ तासांचा प्रकार किंवा तशीच दुसरी. पाच मिनिटांत घट्ट होणारी नको, ती ठिसूळ राहते आणि लोखंडाला भिजवायला तिला वेळच मिळत नाही. थेंबाने चिकटणारं फेव्हिक्विकसारखं तर नकोच. गॅरेजवाले पत्र्याच्या खड्ड्यात भरतात ती पॉलिएस्टरची लांबी, म्हणजे पुटी, इथे टिकत नाही. पत्र्यावर ती पसरून बसते, इथे तिला ताण घ्यायचा असतो. हाताने मळायची एपॉक्सी वाईट नाही, मोठा खड्डा भरायला सोयीची आहे, पण ती सळईला आधी पातळ एपॉक्सी चोपडल्याशिवाय लावू नये.

रेझिन आणि हार्डनर समसमान घेऊन आधी एकजीव करा, पूर्ण दोन मिनिटं, डबीच्या कडा खरवडत. सळईला आणि चिरेच्या भिंतींना हे पातळ मिश्रण ब्रशने चोळून लावा. उरलेल्यात संगजिऱ्याची पूड घालत जा, श्रीखंडाएवढं दाट होईपर्यंत. संगजिरं दाटपणासाठी घालतो तसंच आणखी एका कारणासाठी. नुसती एपॉक्सी उष्णतेने लोखंडाच्या चार-पाचपट फुगते, दगडाची पूड मिसळली की ते फुगणं कमी होतं. भरलेला माल लोखंड आणि आवरण यांच्या मधोमध वागायला लागतो, हे आपल्या हवेत फार मोलाचं आहे. संगजिरं कोरडं हवं. ते उन्हात तापवून, गार करून मग घाला.

एका वेळी चमचाभरच कालवा. मिश्रण जास्त असेल तर ते आपल्याच उष्णतेने तापतं आणि डबीत दगड होतं. उन्हाळ्यात एकदा माझ्या हातातल्या वाटीतून धूर निघाला होता. दर दहा अंशांमागे तिची घट्ट व्हायची वेळ साधारण निम्मी होते, हे लक्षात ठेवा. खोल खड्डा दोन-तीन थरांत भरा, एक थर पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको.

भरण्याची वेळ सकाळची. स्टेअरिंग रात्री खोलीत ठेवा, बाहेर नको, दव लागतं. सकाळी ते गार असतानाच भरून घ्या आणि पुढचे २४ तास खोलीतच, सावलीत राहू द्या. पूर्ण घट्ट झाल्यावर मग दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, आता ऊन तिला आणखी पक्की करतं. क्रम उलटा केला तर सगळं गणित बिघडतं.

तुकडे पडलेल्या दोन जागांना साचा लागेल, कारण मागच्या बाजूला बोटांसाठी लाटा असतात आणि त्या हाताने घडवणं कठीण. घेरावरची तशीच एक चांगली जागा शोधा. तिला पातळ प्लॅस्टिक पिशवी घट्ट गुंडाळा, वर प्लास्टर ऑफ पॅरिस थापून मागच्या बाजूचा अर्धा ठसा घ्या. वाळला की आतून खोके बंद करायची पारदर्शक चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा, तिला एपॉक्सी धरत नाही. तुटलेल्या जागी सळईवर आधी बारीक तांब्याची तार विरळ गुंडाळा, किंवा काचेच्या कापडाच्या (फायबरग्लासच्या) अर्धा इंची पट्ट्या पातळ एपॉक्सीत भिजवून दोन फेरे द्या. मग दाट मिश्रण थापा, साचा दाबा, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. बाहेर आलेला माल तासाभराने चाकूने काढा, तेव्हा तो खव्यासारखा कापला जातो. दुसऱ्या दिवशी साचा काढल्यावर लाटा जुळलेल्या दिसतात. या कामात मला अजूनही सर्वांत जास्त आनंद याच क्षणी होतो.

घासकामाचं फार सांगण्यासारखं नाही. आधी कानस, मग वॉटर पेपर पाण्याने: ८० नंबरचा, १२०, २२०, शेवटी ४०० चा. पेपर बुटाच्या नाडीसारखा पट्टी करून रिंगभोवती मागे-पुढे ओढा, म्हणजे गोलाई राहते. बोटाने दाबून घासलं तर एपॉक्सीच्या बाजूला, मऊ आवरणात, खड्डे पडतात. डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्यांना जे सपाट दिसतं त्यातली पायरी तळहाताला कळते.

रंगाआधी एपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात, कारण आता पृष्ठभागावर तीन वेगवेगळे पदार्थ आहेत आणि रंगाला ते एकच वाटले पाहिजेत. वर काळा टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग, तीन पातळ हात, निमचमक. पूर्ण चमकदार रंग शेतात उन्हात डोळ्यांवर येतो आणि घामाने निसरडा होतो. डब्यातला स्वस्त स्प्रे लावू नका, त्यातला बराचसा माल घामाने नरम पडतो. टू-के रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते, साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. योग्य मास्क नसेल तर हे एक काम रंगाऱ्याकडून करून घ्या. रंग झाल्यावर आठवडाभर हात लावू नका.

वर रेक्झिनचं कव्हर घालायचा मोह होईल. घालू नका. रेक्झिन मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उन्हात रंगात उतरतं आणि रंग चिकट होतो, शिवाय आत पाणी अडकून सळईला पुन्हा गंज धरतो. वळवायला सोपं जावं म्हणून लावतात ती घुंडीही नको, तिची पकड आवरणाला चिरडते. तुमच्याकडे चिरा कुठून सुरू झाल्या ते बघा, एखादी जुन्या घुंडीच्या खुणेपाशी निघेल. ट्रॅक्टर उभा असताना स्टेअरिंगवर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा टाका. सूत असल्याने हवा खेळते, ओल साचत नाही, आणि ऊन अडतं. माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक स्टेअरिंगबरोबर मी असा तुकडा देतो.

परत बसवताना हबचा उतार आणि शाफ्ट फडक्याने कोरडे पुसा, जुन्या खुणा जुळवा, जुना वॉशर चपटा झाला असेल तर नवा घाला आणि नट पूर्ण आवळा. मग इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, मध्येच अडकतंय का, वर-खाली हलतंय का. पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट पुन्हा एकदा तपासा.

राहिली ती डावीकडची खोलगट जागा. नांगरताना माणूस उजव्या खांद्यावरून मागे बघत असतो, उजवा हात हायड्रॉलिकच्या दांड्यावर असतो, आणि सगळं स्टेअरिंग एकटा डावा हात सांभाळतो. म्हणून झीज तिथेच होते, जवळजवळ प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरवर. त्या जागेत चीर नसेल आणि वाजवल्यावर भरीव आवाज येत असेल तर ती भरू नका. तिच्यावर कानस चालवू नका, फक्त ४०० चा पेपर एकदा हलका फिरवा, म्हणजे रंग धरेल. प्रायमर आणि रंगाचे हातही तिथे पातळच द्या, नाहीतर रंग साचून खोली कमी होते. रंग वाळल्यावर तुमचा डावा हात तिथे ठेवून बघा.